कोलोनचा लाल-पांढरा क्लब आणि राइनकाठची हॉकी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जर्मनीत कोलोनला भाचीकडे राहून आले. आपल्याकडून तिकडे गेलेले लोक कॅथेड्रल बघतात, राइनमधून बोटीने फिरतात आणि पुढे स्वित्झर्लंड गाठतात. मला मात्र हॉकी बघायची होती. २०२१ साली टोकियोत आपण जर्मनीला ५-४ हरवून ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आणलं, आणि २०२४ मध्ये पॅरिसला उपांत्य सामन्यात याच जर्मनीने आपल्याला ३-२ असं हरवलं. दोन्ही सामने मी पुण्यात टीव्हीसमोर उभ्याने पाहिलेत. फुटबॉलने झपाटलेल्या देशात असे हॉकीपटू येतात कुठून, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. भाचीचा आठ वर्षांचा मुलगा कोलोनच्या रोट-वाइस क्लबात हॉकी शिकतो, त्यामुळे आत शिरायला वाट आयतीच मिळाली.

शुक्रवार, म्युंगर्सडॉर्फ

फ्रँकफर्टला उतरून दुपारपर्यंत कोलोन गाठलं. भाची म्हणाली, "मावशी, आज झोप काढ, उद्या जाऊ." पण नातवाचा सराव संध्याकाळीच होता, मग झोप कसली! शहराच्या मधून एक नंबरची ट्राम पश्चिमेला म्युंगर्सडॉर्फला जाते. स्टेडियमच्या थांब्यावर उतरलं की समोर फुटबॉलचं ५० हजारांचं प्रचंड स्टेडियम, आणि त्याच्या आसपास झाडीत लपलेली मैदानंच मैदानं.

या परिसराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतर कोलोनभोवतीची तटबंदी पाडावी लागली. तेव्हाचे महापौर कोनराड आडेनाउअर, म्हणजे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले तेच. त्यांनी ती जमीन बिल्डरांच्या घशात जाऊ दिली नाही. तिथे शहराला वेढणारा हिरवा पट्टा केला आणि १९२३ मध्ये म्युंगर्सडॉर्फचं क्रीडासंकुल उघडलं. शंभर वर्षं झाली, लोक अजून तिथेच पळतात, खेळतात, तळ्याकाठी चटया टाकून बसतात. जर्मनीचं क्रीडा विद्यापीठही इथेच आहे.

रोट-वाइस म्हणजे लाल-पांढरा. क्लबची स्थापना १९०६ ची, पूर्ण नावात टेनिस आधी आणि हॉकी नंतर. एका बाजूला लाल मातीची टेनिस कोर्टं, दुसऱ्या बाजूला हॉकीचं कृत्रिम मैदान, मध्ये क्लबहाउस. कुठेही भपका नाही. कुंपणाला सायकली टेकवलेल्या, बाकांवर पाण्याच्या बाटल्या आणि लहान मुलांची जॅकेटं पडलेली.

मुलांचा सराव घेणारा मुलगा विशीतला, क्रीडा विद्यापीठात शिकणारा. त्याची एक गोष्ट मी तासभर बघत राहिले. कुठल्याही मुलाशी बोलताना तो आधी उकिडवा बसायचा, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचा आणि मगच बोलायचा. ओरडून सूचना नाहीत. हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट असते, त्यामुळे चेंडू उलट्या बाजूला न्यायचा तर काठी हातात फिरवावी लागते. ती फिरवायची डाव्या हाताने, उजवा हात नुसता सैल मुठीसारखा. हे शिकवायला त्याने मुलांचा उजवा हात चक्क पाठीमागे धरायला लावला आणि एका हाताने चेंडू इकडून तिकडे खेळवायला सांगितलं. दहा मिनिटांत सगळ्यांची मनगटं फिरायला लागली. नातू मध्येच ओरडला, "आजी, बघ!" आणि चेंडू त्याच्या काठीखालून निसटलाच.

मुलं बाहेर पडली तसे त्याच मैदानावर मोठे खेळाडू उतरले. २९ जानेवारी २०२३ ला भुवनेश्वरमध्ये जर्मनीने बेल्जियमला शूटआउटवर हरवून विश्वचषक जिंकला, त्या संघाचा कर्णधार माट्स ग्रामबुश या क्लबचा. त्याचा भाऊ टोम आणि ख्रिस्टोफर रूअर हेही इथलेच. दाराशी लहान मुलं आणि मोठे खेळाडू एकमेकांना हातावर टाळी देत होते. त्या मुलांना यात काही विशेष वाटत नव्हतं. ज्याला टीव्हीवर बघितलं तो रोज संध्याकाळी आपल्याच मैदानावर येतो, हे त्यांच्यासाठी रोजचंच. मला त्याचा हेवा वाटला, अगदी मनापासून.

*प्रवासासाठी:* महिनाभराचं 'डॉइचलांड तिकीट' काढा. मी गेले तेव्हा ५८ युरो होतं, २०२६ पासून ६३ झालंय. ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या सगळ्या त्यात येतात, वेगवान आयसीई मात्र नाही. हे तिकीट दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका.

शनिवार, सामना

ऊन लख्ख, पण वारा असा की कानटोपी काढवेना. पाहुणा संघ हॅम्बुर्गचा होता. हॅम्बुर्ग आणि हा राइन-रुअरचा पट्टा हे जर्मन हॉकीचे दोन मोठे गड, त्यामुळे चुरस जुनी.

सामन्याआधी मैदानाच्या कडेचे फवारे सुरू झाले. या मैदानाला पाणी लागतंच. ओल्या पृष्ठभागावर चेंडू सरळ आणि वेगाने घसरतो, उसळत नाही, आणि खेळाडू पडला तरी कातडी सोलवटत नाही. उन्हात त्या फवाऱ्यांवर छोटं इंद्रधनुष्य उमटलं आणि तेवढ्यात वाऱ्याने तुषारांची एक झुळूक प्रेक्षकांवर आणून टाकली. पुढच्या रांगेतल्या जाणत्या लोकांनी आधीच छत्र्या उघडल्या होत्या.

पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी, मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. बचाव करणारे चौघं गोलरेषेमागे मुखवटे चढवतात, गोलकीपर हाताने खुणा करतो, आणि चेंडू आत आला की पहिला धावणारा सरळ फटक्याच्या दिशेनेच झेपावतो. टीव्हीवर ते धाडस कळत नाही. मैदानाच्या कडेला मात्र काठीवर चेंडू घासल्याचा आवाज येतो, लगेच गोलच्या फळीवर धाडकन आदळल्याचा, आणि मधलं काही दिसतच नाही.

मध्यंतरात केकच्या टेबलाशी गेले. लहान मुलांच्या संघांचे आईबाप घरून केक करून आणतात आणि विकतात, पैसे मुलांच्या सहलीला. एप्रिल म्हणजे तिकडे रुबार्बचा मोसम, लालसर आंबट देठं घातलेला केक सगळ्यात आधी संपला. टेबलामागच्या बाई पेशाने दंतवैद्य. त्यांनी मला प्रश्न विचारले आणि माझ्याही प्रश्नांना उत्तरं दिली. पहिल्या संघातले बहुतेक खेळाडू शिकतात किंवा नोकरी करतात, हॉकीवर घर चालत नाही. सराव संध्याकाळी, अभ्यास रात्री. सामना संपल्यावर दोन्ही संघ क्लबहाउसमध्ये एकत्र जेवतात. मग त्यांनी मला हिवाळ्याचं सांगितलं. डिसेंबर ते फेब्रुवारी मैदानी लीग थांबते आणि सगळे बंदिस्त हॉलमध्ये खेळतात. हॉलमध्ये संघ छोटा, कडेला लाकडी फळ्या, आणि चेंडू जोरात मारायला बंदी, फक्त ढकलायचा. जागा इतकी कमी की चेंडू अडवणं आणि पास देणं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायला हवं. लहानपणापासून दर हिवाळ्यात हे केलेल्या मुलाला मोठ्या मैदानावर वेळच वेळ मिळतो. जर्मन खेळाडू दडपणाखाली शांत कसे राहतात, याचं बरंचसं उत्तर मला त्या केकच्या टेबलाशी मिळालं.

सामना रोट-वाइसने जिंकला. शेवटची शिट्टी वाजली आणि मिनिटभरात लहान मुलं काठ्या घेऊन मैदानात घुसली. त्यांना कोणी हाकललं नाही.

रविवार, लाल माती आणि गारा

रविवारी तिकडे दुकानं बंद, हे ध्यानात ठेवून दूध-भाजी शनिवारीच आणावी. आम्ही टेनिस कोर्टांकडे गेलो. जर्मनीत मैदानी टेनिसचा मोसम एप्रिलअखेरीस सुरू होतो. त्याआधी कोर्टं दुरुस्त करायची, जुना थर खरवडायचा, विटांची नवी भुकटी पसरायची, रोलर फिरवायचा. कितीतरी क्लबांत सभासदांनी वर्षाकाठी ठरावीक तास असं काम करायचं असतं, नाहीतर वर्गणीपेक्षा जास्त पैसे भरायचे.

पंच्याहत्तरीच्या पुढच्या एक आजी तिथे दुहेरीचा सामना खेळून आल्या होत्या. गुडघ्याला पट्टा, डोक्याला पांढरी टोपी. भाचीने ओळख करून दिली. मी कॉलेजात हॉकी खेळायचे हे ऐकून त्यांनी माझ्या हातात एक रुंद जाळीदार झाडणी दिली आणि कोर्ट ओढायला लावलं. त्याची पद्धत असते. कडेपासून सुरुवात करायची आणि गोल गोल फिरत मधल्या जागेकडे यायचं, म्हणजे भुकटी बाहेर ओढली जात नाही. मग छोट्या झाडूने पांढऱ्या रेषा साफ करायच्या, आणि माती सुकी असेल तर पाणी मारायचं. पुढच्या खेळाडूला कोर्ट आपल्याला मिळालं तसंच मिळायला हवं. त्या चाळीसेक वर्षं या क्लबात आहेत. मुलगी हॉकी खेळायची, आता नात खेळते, त्या स्वतः टेनिसवाल्या. "सकाळी मी कोर्टावर, दुपारी नातीच्या सामन्याला, रात्री जेवायला सगळे इथेच," त्या म्हणाल्या. अशा क्लबात हॉकी आणि टेनिस एकत्र का नांदतात ते एवढ्यात समजलं. पूर्ण कुटुंब दिवसभर एका आवारात राहू शकतं, वर्गणी वाया जात नाही, आणि मुलाने पंधराव्या वर्षी एक खेळ सोडला तरी क्लब सुटत नाही.

त्यांचं बोलणं चालू असताना आभाळ भरून आलं आणि ताडताड गारा सुरू झाल्या. साबुदाण्याएवढ्या गारांनी लाल कोर्टं पाहता पाहता पांढरी झाली. एप्रिलचं हवामान तिकडे लहरी म्हणूनच प्रसिद्ध आहे. सगळे क्लबहाउसमध्ये पळाले आणि ओल्या बुटांनी दाटीवाटीने बसले. बाहेरचा पांढरा थर पाव तासात विरघळला, पण कोर्टं दिवसभरासाठी गेली.

मग जेवणच केलं. मोसम पांढऱ्या शतावरीचा होता. कोलोन आणि बॉनच्या मधल्या फोरगेबिर्गे भागात ती भरपूर पिकते. देठं सोलून उकडायची, सोबत उकडलेले बटाटे आणि लोणी-अंड्याचा पिवळाधमक सॉस. चव सौम्य, किंचित कडवट, आणि शेंडा इतका मऊ की काट्याने नुसता दाबला तरी तुटतो. शाकाहारी माणसाने जर्मनीत एप्रिल ते २४ जून या काळात जावं, एवढ्या एका पदार्थासाठीसुद्धा. अंडं चालत नसेल तर वितळलेलं लोणी मागा, सगळीकडे मिळतं.

*खेळायचं असेल तर:* मातीच्या कोर्टावर नागमोडी रेषांच्या तळव्याचेच टेनिस बूट चालतात, खोल खाचांचे पळायचे बूट घालून उतरू देत नाहीत. हॉकीच्या मैदानावर काचेची बाटली, सिगारेट, च्युइंगगम नेऊ नये. सामना बघायला सभासद असावं लागत नाही.

सोमवार

कॅथेड्रल पाहिलं. १२४८ ला पाया घातला आणि १८८० ला पूर्ण झालं, १५७ मीटर उंच. दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढून वरून राइन पाहिली, पश्चिमेला दूरवर म्युंगर्सडॉर्फच्या स्टेडियमचे खांबही ओळखू आले. खाली येऊन बटाट्याच्या गरम थालीपिठांवर सफरचंदाची चटणी घालून खाल्ली. बाकी दिवस पावसाचा.

मंगळवार, म्युल्हाइम

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कोलोनमध्ये म्युल्हाइम नावाचा एक भाग आहे आणि रुअर नदीकाठी म्युल्हाइम नावाचं वेगळं शहर आहे. आरई-१ ही प्रादेशिक गाडी दोन्हीकडे थांबते. हॉकीसाठी जायचं ते दुसरं, तासभराच्या अंतरावरचं.

पोलाद आणि कोळशाच्या या मुलखात शहराच्या कडेला उलेनहॉर्स्ट नावाचं दाट जंगल आहे, आणि त्यात हॉकी आणि टेनिसचा क्लब, १९२० चा. १९८८ ते १९९६ अशी सलग नऊ वर्षं युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा या एका क्लबाने जिंकली. एवढ्याशा गावाचा क्लब, आणि युरोपभरचे संघ नऊ वर्षं त्याच्यापुढे नमले! २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध जर्मनीचे दोन्ही गोल करणारा यान फिलिप राबेंटे याच क्लबचा.

मैदान बीच नावाच्या झाडांच्या कोवळ्या पालवीत बुडालेलं. दुपारची वेळ, सामसूम. बाकावर एक आजोबा एकटेच बसले होते, पाइप बनवायच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी भारतातून आलेय म्हटल्यावर त्यांनी पहिलं नाव घेतलं ध्यानचंदांचं, आणि १९३६ च्या बर्लिनच्या अंतिम सामन्याचा ८-१ हा निकालही सांगितला. ते तेव्हा जन्मलेलेही नव्हते, वडिलांकडून ऐकलेलं. मग मी आपल्या धनराज पिल्लेचं नाव काढलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला, वडील तिथल्या मैदानाची देखभाल करायचे, भावंडं तुटक्या काठ्यांवर खेळायची, आणि तो पोरगा चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. पुढे जर्मनीत स्टुटगार्टच्या किकर्स क्लबकडूनही खेळला, तोही हॉकी-टेनिसचाच क्लब. आजोबा म्हणाले, "पिल्लेला अडवायचं कसं, हे आमच्या पोरांना कधी कळलं नाही." मी खडकीपासून दहा किलोमीटरवर राहते हे त्यांना सांगताना माझा आवाज भरून आला.

खडकीतही वडील मैदान राखणारे होते आणि मुलं त्याच मैदानावर वाढली. म्युल्हाइममध्ये वेगळं काय आहे? मैदान कारखाना किंवा सरकार चालवत नाही, खेळणाऱ्यांचा क्लब चालवतो. कारखाना बंद पडला, साहेब बदलला, तरी ते जात नाही. आपल्याकडे पिंपरीच्या नेहरूनगरला महापालिकेचं चांगलं हॉकी स्टेडियम आहे, पण संध्याकाळी तिथे आजी, सून आणि नातू एकत्र येतील अशी जागा ते अजून झालेलं नाही. ती व्हावी असं मला फार वाटतं.

बुधवार, ग्लाडबाख आणि बर्चची झाडं

म्योन्शेनग्लाडबाखला दोन मुख्य रेल्वे स्थानकं आहेत, एक ग्लाडबाखचं आणि एक राइटचं. पूर्वी ती वेगळी शहरं होती म्हणून. कोलोनहून आरई-८ दोन्हीकडे जाते, आणि हॉकी पार्ककडे बस दोन्हीकडून मिळते. हे स्टेडियम २००६ च्या पुरुष विश्वचषकासाठी उभारलं. अंतिम सामन्यात जर्मनीने ऑस्ट्रेलियाला ४-३ हरवलं. भारत तेव्हा अकरावा आला होता, ते दिवस आठवले की अजून पोटात तुटतं. ग्रामबुश बंधू याच गावचे, विश्वचषक आला तेव्हा माट्स तेराचा आणि टोम अकराचा. सतरा वर्षांनी तोच चषक माट्सने आपल्या भुवनेश्वरमध्ये उचलला.

आम्ही गेलो तेव्हा आत मैफलीची तयारी चालू होती. आता तिथे हॉकीपेक्षा गाण्याचे कार्यक्रमच जास्त होतात. कुंपणाबाहेरून पाहून परतलो. क्रेफेल्डचा १८९० चा जुना क्लबही याच पट्ट्यातला, पण तिथवर जायला वेळ उरला नाही.

रात्री खरं आश्चर्य पाहिलं. ३० एप्रिलच्या रात्री राइनकाठची तरुण मुलं आवडत्या मुलीच्या दाराशी बर्चचं झाड बांधून येतात, त्याला रंगीत कागदी पट्ट्या लावलेल्या. अंधार पडल्यावर रस्त्याने मुलांचे घोळके अख्खी झाडं खांद्यावर घेऊन जाताना दिसले. भाचीच्या गल्लीतच सकाळपर्यंत चार झाडं उभी राहिली. लीप वर्षात मुली मुलांच्या दारात झाड लावतात म्हणे. पाऊस पडला की कागदाचा रंग खोडावरून ओघळतो, तरी महिनाभर ती झाडं कोणी काढत नाही.

गुरुवार, १ मे

सुट्टीचा दिवस. क्लबात मुलांचे छोटे सामने होते, लहान मैदानं आखलेली, गोलही छोटे. मी रेषेवर उभी राहून मराठीत ओरडत होते आणि शेजारचे एक बाबा विचारत होते की मी काय म्हणतेय. "मागे ये, मागे ये!" एवढंच म्हणत होते. नातवाच्या संघाने दोन सामने हरले आणि शेवटचा जिंकला. जिंकलेल्या सामन्यात त्याने चेंडू डाव्या मनगटाने फिरवून एकाला चकवलं आणि पास दिला, गोल दुसऱ्याने मारला. प्रशिक्षकाने शाबासकी आधी नातवाला दिली, गोल मारणाऱ्याला नंतर.

*जाणाऱ्यांसाठी:* मैदानी लीग शरदात आणि पुन्हा वसंतात चालते, विजेतेपदाचे सामने मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला होतात. सामने बघायचे तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. दोन्ही वेळी छत्री, कानटोपी आणि ओलं होऊ शकेल असं जॅकेट जवळ ठेवा. क्लबात जाताना घरचं काही नेलंत तर लोक आनंदाने खातात, मी नेलेल्या शंकरपाळ्यांचा डबा त्या केकच्या टेबलावर दहा मिनिटांत रिकामा झाला.